कार्डावर नसलेला प्रश्न

पहिलेच सांगून ठेवतो — मी भुताखेताले मानणारा मानूस नाही. पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवली. एक मानूस सदरा शिवाले टाकून मेला, त्याचा सदरा मी अल्टर करून दुसऱ्याले देला. त्या दुसऱ्याले काहीच झालं नाही, अजून पान खात फिरते. तुमच्या या पानावर लोक पांढऱ्या साडीवाल्या बायायचं लिहितात, ते वाचून मले हसू येते. एवढं पांढरं कापड त्यायले देते कोण अन् फॉल-पिको कोण करून देते, हा माहा टेलरचा प्रश्न आहे.

पण माह्यासंग एक गोष्ट झाली. दिवसाढवळ्या झाली. रविवारी, सकाळी अकराच्या नंतर, अमरावतीले माह्या पोराच्या घरी, पोरगा बाजूले बसला असताना. तीच सांगतो. वहीत मी लिहिलं अन् पोरानं — गजानन त्याचं नाव — टाइप करून देलं. त्याले म्हटलं, शुद्धलेखन पाह्य, पण माही भाषा सुधरवाले जाऊ नको.

माहं गाव हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला. शिक्षण चौथी. अंक मले चांगले येतात — छाती, कंबर, लांबी, बाही, झटपट लिहितो. अक्षरं मात्र जड जातात. जोडाक्षर आलं का पेन थांबते. हे ध्यानात ठेवा, कारण सारं पाप तिथूनच निघालं.

आमच्या घराची समोरची खोली म्हणजेच दुकान. दरवाजाजवळ माही मशीन, समोर पोत्यावर वच्छला — माही बायको — काज-बटण अन् तुरपाई करत बसे. फळीवर रिळांच्या रांगेत रेडिओ. आता लोकायचं असं असते, गाणं लागलं का आवाज वाढवतात अन् भाषण लागलं का बंद करतात. वच्छलेचं उलटं. गाणं लागलं का म्हणे, "बारीक करा ते." अन् कोणी प्रोफेसर बोलाले लागला का म्हणे, "मशीन थांबवा जरासक."

"मशीन थांबवली तर खाऊ काय? भाषण?"

"एक दिवस भाषण खाल्लं तर मरत नाही मानूस. थांबवा."

ती शाळेत एक दिवस गेली नव्हती. सही म्हणून अंगठा. पण रेडिओवर ताऱ्यायचं असो, मधमाशीचं असो, कोण्या पुस्तकवाल्या बाईची मुलाखत असो, नाहीतर चित्रं काढणाऱ्याची — सुई तशीच कापडात राहे अन् ही तोंड उघडं टाकून ऐके. मंग दिवसभर मले प्रश्न. मी काय सांगणार? मी म्हणो, "त्या रेडिओवाल्याले इचार."

माहीच अक्कल. तिनं ते मनावर घेतलं.

अकोल्याच्या रेडिओवर रविवारी अकरा वाजता असा कार्यक्रम लागते की कोणी जाणकार मानूस येऊन बोलते अन् मंग श्रोत्यायची पत्रं वाचतात. प्रश्न असला तर तो जाणकार उत्तर देते. वच्छला म्हणे, "लिहा कार्ड. मी सांगीन तसं लिहा." पत्ता गजाननानं शाळेत असताना एका कागदावर लिहून देला होता, तो पाहून पाहून मी उतरवो.

पहिलं कार्ड मले अजून आठवते. पुस्तक लिहिणाऱ्या एका बाईची मुलाखत झाली होती. वच्छलेनं पंधरा मिनिटं सांगतलं. मुद्द्याचं हे, की "बाई, तुमी पुस्तक लिहून राहिल्या होत्या तवा घरी पोळ्या कोण करे?"

मले हसूच आलं. अन् लाजही वाटली. कार्ड म्हणजे उघडं, पोस्टात सारे वाचतात. गावभर होईन, टेलरच्या बायकोनं रेडिओले पोळ्यायचं इचारलं. वरून ते जोडाक्षरं. 'कार्यक्रम' हा शब्द मले येत होता, गणपतीच्या बोर्डावर दरवर्षी पाहून पाहून. अन् 'नमस्कार' येत होता. म्हणून मी लिहिलं — "आपला कार्यक्रम आवडला. नमस्कार. वच्छलाबाई, हिवरखेड." बस.

ती म्हणे, "वाचून दाखवा."

मी कार्ड समोर धरलं अन् तिनं जे सांगतलं होतं तेच तिले तोंडपाठ म्हणून दाखवलं. पोळ्यायसकट.

"एवढं सारं इवल्याशा कार्डात मावलं?"

"बारीक लिहिलं."

त्या नंतरच्या रविवारी रेडिओवर आलं — हिवरखेडहून वच्छलाबाई कळवतात, कार्यक्रम आवडला. ती उभीच राहिली. शेजारच्या बायायले आवाज देऊन देऊन सांगतलं. मंग परत येऊन बसली अन् म्हणे, "पण माहा प्रश्न?"

"वेळ नसते त्यायले. किती लोकायचे पत्र."

हे असं वीसेक वर्षं चाललं. खोटं नाही सांगत. महिन्या-दोन महिन्यातून एक कार्ड. तिनं सांगायचं, मी तीच ओळ लिहायची, तोंडपाठ म्हणून दाखवायचं, पेटीत टाकायचं. रेडिओवर कधी तिचं नाव येई, कधी येत नसे. प्रश्न कधीच आला नाही. कसा येईन?

एकदा काज करता करता ती म्हणे, "माह्या प्रश्नात दम नसन. शिकलेल्या बायायचे वाचतात बरोबर."

मी कॉलर लावून राहिलो होतो. तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या काढून एक वाक्य बोललं असतं तर सारं मिटलं असतं. नाही बोललो. पण कार्ड सांगणं तिनं सोडलं नाही, हे पाहा.

गेल्या वर्षी तिची तब्येत बिघडली. छातीत पाणी होये, श्वास पुरत नसे. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. मी तिची खाट मशीनजवळच टाकली. कपाशी फुलावर आली होती. निंदणाले जाणाऱ्या एका बाईनं तिले दोन फुलं आणून देले, एक पिवळट पांढरं, एक गुलाबी. ती पडल्या पडल्या त्यायलेच पाहे. मंग एक दिवस म्हणे, "आयकता का? कार्ड काढा."

थांबत थांबत सांगतलं तिनं. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं असते अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी काहून होते. माही माय म्हणे ते लाजते. पण लाजाले त्याले पाह्यलं कोणं? रिकाम्या वावरातलं फूल बी गुलाबी होतेच. अन् जे फूल गुलाबी झालं, त्याले समजते का आपण गुलाबी झालो म्हणून?

एवढं बोलून तिले धाप लागली. मंग म्हणे, "शेवटी लिहा — लिहिणाऱ्याचा हात दुखते, म्हणून एवढंच."

मी तीच ओळ लिहिली. आपला कार्यक्रम आवडला, नमस्कार. मरणाऱ्या बायकोच्या खाटीजवळ बसून. सवय म्हणा, आळस म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मंग दरवेळेसारखं वाचून दाखवाले कार्ड समोर धरलं, तर ती म्हणे, "राहू द्या. नका वाचू."

वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं असं म्हटलं. मी कार्ड पेटीत टाकून आलो. तीन आठवड्यानं ती गेली.

तेरवी झाल्यावर गजानन मले अमरावतीले घेऊन आला. त्याची नोकरी तिथं. मशीनवर चादर टाकून, घराले कुलूप लावून आलो. रेडिओ मी ऐकत नव्हतो. लागला का उठून बाहेर जाओ. गजाननाले वाटे म्हाताऱ्याले करमत नाही. करमत नव्हतंच, पण कारण वेगळं होतं अन् ते त्याले माहीत नव्हतं.

जानेवारीतला रविवार. सून बाजारात गेली होती. मी खाली सतरंजीवर तुरीच्या शेंगा सोलून राहिलो होतो. गजाननानं मोबाइल समोर ठेवला.

"बाबा, तुमचा अकोल्याचा कार्यक्रम. आता मोबाइलवर लागते."

"बंद कर."

"पाच मिनिटं. आईचं ऐकणं होतं ते."

मी शेंगा सोलत राहिलो.

त्या दिवशी शेतीशास्त्राचे एक सर आले होते, झाडायच्या फुलांवर बोलले. मंग ती निवेदिका पत्रं वाचाले लागली. दोन-तीन झाली. अन् मंग म्हणे — "हिवरखेडहून वच्छलाबाईंनी विचारलंय…"

मले वाटलं, आला आपला 'कार्यक्रम आवडला'. मी मान खाली घातली.

अन् ती वाचाले लागली. "कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं असते अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी काहून होते? माही माय म्हणे ते लाजते. पण लाजाले त्याले पाह्यलं कोणं? रिकाम्या वावरातलं फूल बी गुलाबी होतेच…" सारं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. "त्याले समजते का आपण गुलाबी झालो म्हणून?" अन् शेवटी — "लिहिणाऱ्याचा हात दुखते, म्हणून एवढंच."

माह्या हातून शेंगायचं ताट पडलं.

गजानन उभा राहिला. "बाबा! आईचा प्रश्न वाचला! वाचला शेवटी!" पोरगा पस्तिशी ओलांडलेला, डोळ्यातून धारा. "किती बोल्ली असती ती आज… ऐका, ऐका, सर उत्तर देऊन राहिले."

ते सर पहिले हसले. म्हणे, लाजायला पाहिलं कोणी, हे फार आवडलं. मंग सांगतलं — फुलाचं काम एका दिवसाचं. उमललं, त्या दिवसात पराग मिळाले, की आत बोंड धरायला लागते अन् पाकळी रंग बदलते. म्हणजे माझं झालं, आता बोंडाकडे पाहा. मंग म्हणे, "फुलाला ते समजतं का… बाई, याचं उत्तर मला देता येत नाही. मी इतकी वर्षं कपाशीवर काम करतो, पण हा प्रश्न मला पडला नव्हता."

दम होता. तिच्या प्रश्नात दम होता.

गजानन माह्याजवळ बसला. "बाबा, असे काहून पाहून राहिले? तुमीच तर लिहिलं ना हे कार्ड?"

मंग मी सांगतलं. सारं सांगतलं, पहिल्या पोळ्यायच्या कार्डापासून. त्याले पहिले समजलंच नाही.

"म्हणजे कार्डावर…"

"एकच ओळ. दरवेळी."

"बाबा, आई मले फोनवर म्हणे, आज बी नाही वाचला रे गजू. दर महिन्याले म्हणे. अन् तुमी बाजूले बसून ऐकत होते?"

"हो."

तो उठून न्हाणीत गेला, नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता. मी शेंगा गोळा केल्या. बाहेर आला तवा तोंड धुतलेलं होतं. म्हणे, "मंग हे लिहिलं कोणं?"

"तेच तर."

"कोणाले सांगतलं असन तिनं. शेजारी कोणाले."

"खोलीत आमी दोघंच होतो. त्यानंतर तिले एवढं बोलता आलं कुठं? अन् हाताचं… ते कोण लिहीन?"

बुधवारी त्यानं सुट्टी काढली. बडनेऱ्याहून गाडी पकडून आमी अकोल्याले रेडिओच्या ऑफिसात गेलो. त्या निवेदिकेचं नाव मी लिहीत नाही, तिची नोकरी आहे. तीसेक वर्षांची पोरगी. वच्छलाबाईचे मालक आले म्हटल्यावर धावतच बाहेर आली.

"आजोबा, मी इथं लागले तेव्हापासून त्यांची कार्डं बघते. हल्ली कार्डं येतातच कुठं! दरवेळी एकच ओळ. म्हणून या वेळी एवढं भरगच्च कार्ड बघून मला इतका आनंद झाला… फुलांवर बोलणारे सर येईपर्यंत राखून ठेवलं होतं मी. कशा आहेत त्या?"

गजाननानं सांगतलं. तिचा चेहरा उतरला. मंग म्हणे, थांबा, ते कार्ड मी जपून ठेवलंय, तुम्हीच घेऊन जा. फायलीतून काढलं अन् माह्या हातात देलं.

मी पाह्यलं. माहं अक्षर. आपला कार्यक्रम आवडला. नमस्कार. वच्छलाबाई, हिवरखेड. बाकी कार्ड कोरं.

मी ते गजाननाकडे देलं. गजाननानं तिच्याकडे देलं. तिनं पाह्यलं, पलटवलं, पुन्हा पलटवलं.

"हे नाही… हे नाही हो." तिनं फाइल टेबलावर उलटी केली. हिवरखेडचं तेवढंच एक कार्ड. शिक्का तोच, मी टाकलं त्या महिन्याचा. "मी यावरूनच वाचलं. हा बघा, कोपरा दुमडलेला, मीच दुमडला होता. बारीक अक्षर होतं, पार कडेपर्यंत. शेवटची ओळ तर पत्त्याच्या बाजूला आडवी होती, मला कार्ड फिरवून वाचावं लागलं…"

मंग तिनं कॉम्प्युटरवर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. तिचाच आवाज, सारा प्रश्न. आडव्या ओळीच्या आधी ती खरंच थांबली होती, कागदाचा आवाज आला.

ती खुर्चीवर बसली. गजाननानं तिले पाणी देलं. तिच्याच ऑफिसात.

"आजोबा, मला वऱ्हाडी येत नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं. 'काहून' म्हणताना मी अडखळले, ऐकलं ना? मी मनानं कसं बोलेन?"

"नाही बोलणार पोरी," मी म्हटलं. "ते बोलणं तिचंच आहे."

मंग मी तिलेही सांगतलं, मी काय केलं ते. वाटलं शिव्या देईन. तिनं देल्या नाही. वही ओढली अन् म्हणे, "त्यांचे बाकीचे प्रश्न सांगा. मी लिहून घेते. जसे पाहुणे येतील तसे विचारू."

गजाननही म्हणे, "हो बाबा, सांगा."

मी सांगाले लागलो. पोळ्यायचा सांगतला. चित्रवाल्याले इचारला होता तो — उन्हाले रंग नसते, मंग तुमी चित्रात ऊन कसं काढता? विहिरीचं पाणी थंडीत गरम काहून लागते, तो. मधमाशीचा एक. मेलेल्या ताऱ्याचा उजेड आपल्याले दिसते म्हणता, तर त्याले मेला म्हणावं का, तो एक.

अन् मंग थांबलो. पुढं काही नव्हतं.

वीस वर्षांची कार्डं. त्यातले पाच. ती पोरगी पेन धरून बसली, गजानन माह्या तोंडाकडे पाहून राहिला, अन् मले सहावा आठवेना. कारण ती सांगे तवा मी ऐकतच नव्हतो. तोंडपाठ म्हणून दाखवण्यापुरतं डोक्यात ठेवो अन् कार्ड पेटीत पडलं का सोडून देओ. माह्याशिवाय ते प्रश्न कोणाले माहीत नव्हते, अन् मीच ते हरवले. पहिलं पाप मले माहीत होतं. हे मले त्या ऑफिसात बसून समजलं.

पाचातले दोन आतापर्यंत तिच्या नावानं रेडिओवर इचारले. पोळ्यायचा एका लेखिकाबाईले इचारला. ती बाई खूप हसली, अन् मंग म्हणे, सासूबाई करायच्या… पुस्तकात त्यांचं नाव टाकायला हवं होतं मी.

स्पष्टीकरण माह्यापाशी नाही. गजानन म्हणते, निवेदिकेच्या डोक्यात कुठूनतरी आलं असन. म्हणते, पण त्यालेही पटत नाही. एका डॉक्टरनं सांगतलं, दुःखात मानसाले असे भास होतात. मले झाले असतीन बाप्पा, रेकॉर्डिंगले कशाचं दुःख? कार्ड माह्यापाशी आहे. उन्हात धरून पाह्यलं, भिंग लावून पाह्यलं. एकच ओळ. तुमच्यापैकी कोणाले काही सुचत असन तर सांगा. नाही सुचलं तरी चालते.

मी आता पुन्हा हिवरखेडले राहतो. रविवारी अकरा वाजता रेडिओ लावतो अन् समोर बसतो. उत्तरायसाठी नाही, ते मले अर्धे समजत बी नाहीत. असं वाटते की एखाद दिवस ती पोरगी कार्ड उचलीन अन् त्यातून असा प्रश्न निघीन जो मी पार विसरलो आहे. वच्छलेचा असला तर मी वळखीन. पहिल्या शब्दाले वळखीन.

अजून निघाला नाही. पण ती सांगून राहिली असन, तर आता मी ऐकून राहिलो.